पर्यटक, घरं आणि भाडी: बार्सिलोनाच्या निमित्ताने वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीपाळखीतले लोक युरोपच्या सहलीबद्दल विचारायला लागतात. आधी प्रश्न ठरलेले असत: व्हिसा किती दिवसांत येतो, शाकाहारी जेवण मिळतं का, पाकीटमारांपासून कसं जपायचं. 2024 च्या उन्हाळ्यापासून त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे, "तिकडे आता पर्यटक नकोसे झालेत म्हणे?" उत्तर द्यायला घेतलं की गाडी दरवेळी घरभाड्यावर येते. म्हणून सगळे प्रश्न एकदाच लिहून काढले.

बार्सिलोनात पर्यटकांवर पाणी उडवलं, ते प्रकरण नेमकं काय होतं?

6 जुलै 2024 रोजी बार्सिलोनात मोर्चा निघाला. पोलिसांच्या मोजणीनुसार त्यात सुमारे 2,800 लोक होते. त्यातल्या काहींनी खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी रस्त्याकडेच्या टेबलांवर जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाणी उडवलं आणि काही हॉटेलांच्या दारांना लाल-पांढऱ्या पट्ट्या लावल्या. आपल्याकडच्या रंगपंचमीच्या मानाने हा प्रकार किरकोळच होता. पण जगभरच्या वाहिन्यांना ओले पर्यटक दाखवायला मिळाले आणि फलकांवर काय लिहिलंय ते बाजूला पडलं. फलक घरभाड्याबद्दल होते. 'बार्सिलोना विक्रीला नाही' ही तिथली जुनी घोषणा आहे. पुढच्या वर्षी, 15 जून 2025 ला, बार्सिलोना, पाल्मा, लिस्बन, व्हेनिस अशा अनेक शहरांत एकाच दिवशी निदर्शनं झाली.

एवढी गर्दी म्हणजे किती?

2024 मध्ये स्पेनमध्ये जवळपास 9 कोटी 40 लाख परदेशी पर्यटक आले. देशाची लोकसंख्या आहे पाच कोटींच्या आत. बार्सिलोना शहरात सोळा-सतरा लाख लोक राहतात, तेही सुमारे 100 चौरस किलोमीटरमध्ये. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, दोन अंगांना नद्या. आडवं पसरायला जागाच नाही. मुंबईकराला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण पर्यटक तर हॉटेलात उतरतात. त्याचा लोकांच्या घरांशी काय संबंध?

सगळी गोम इथेच आहे.

2008 च्या सुमाराला एअरबीएनबीसारखे प्लॅटफॉर्म सुरू झाले तेव्हा कल्पना साधी होती. घरात एक खोली रिकामी आहे, पाहुण्याला द्या, चार पैसे मिळवा. पण हळूहळू खोलीऐवजी अख्खं घर यादीत यायला लागलं. मग एकाच मालकाची किंवा कंपनीची पाच घरं, पन्नास घरं. चावी द्यायलाही माणूस लागेना, दाराशी आकड्याचं कुलूप असलेली छोटी डबी आली.

आता मालकाच्या जागी बसून हिशोब करा. बार्सिलोनात 2024 मध्ये सरासरी मासिक भाडं 1,100 ते 1,200 युरोंच्या आसपास होतं. तेच घर पर्यटकांना रात्रीला 150 युरोंनी दिलं (हा आकडा फक्त समजण्यापुरता) आणि महिन्यात वीसच रात्री गेल्या, तरी 3,000 युरो होतात. साफसफाई, प्लॅटफॉर्मचं कमिशन, चादरी-टॉवेल, कर यांत चाळीस टक्के गेले असं धरलं, तरी 1,800 उरतात. शिवाय भाडेकरू पाय रोवून बसेल ही भीती नाही. स्पेनमध्ये राहण्यासाठी घर भाड्याने घेणाऱ्याला कायद्याने किमान पाच वर्षं राहता येतं, मालक कंपनी असेल तर सात. पर्यटक तिसऱ्या दिवशी बॅग ओढत निघून जातो.

यात मालक दुष्ट असण्याची गरज नाही, हिशोब येत असला की पुरे. एकेक करून घरं महिन्याच्या बाजारातून उठतात आणि रात्रीच्या बाजारात जातात. उरलेल्या घरांसाठी रांग वाढते, भाडं चढतं. आणि ज्याने घर पर्यटकांना दिलेलंच नाही तोही नव्या भाडेकरूला वाढीव भाडं सांगतो, कारण आता बाजारभावच तो झालेला असतो.

बार्सिलोनात अशी घरं किती आहेत?

परवाना असलेली 10,101. 2014 पासून नवे परवाने देणं जवळपास थांबलेलं आहे. जून 2024 मध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं की नोव्हेंबर 2028 मध्ये मुदत संपल्यावर यातल्या एकाही परवान्याचं नूतनीकरण होणार नाही. त्या वेळी त्यांनी आकडे दिले होते: दहा वर्षांत भाडी 68 टक्क्यांनी आणि घरांच्या किमती 38 टक्क्यांनी वाढल्या. परवानाधारक कोर्टात गेले, पण बार्सिलोना ज्यात येतं त्या कातालोनिया प्रांताच्या ज्या अध्यादेशाच्या जोरावर हा निर्णय उभा आहे तो मार्च 2025 मध्ये स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने वैध ठरवला.

बेकायदा घरं वेगळी. 2016 मध्ये परवाना नसलेल्या जाहिराती दाखवल्याबद्दल महापालिकेने एअरबीएनबी आणि होमअवे यांना प्रत्येकी सहा लाख युरोंचा दंड ठोठावला होता. मे 2025 मध्ये स्पेनच्या केंद्र सरकारनेही देशभरातल्या सुमारे 65,000 जाहिराती उतरवण्याचा आदेश एअरबीएनबीला दिला.

दहा हजार घरं म्हणजे शहरातल्या घरांच्या एखादा टक्काच. त्याने एवढा फरक पडतो?

परवानाधारकांची बाजू हीच आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बार्सिलोनातल्या एअरबीएनबीचा भाड्यांवर झालेला परिणाम मोजणारा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी वस्तीत भाडं त्यामुळे 1.9 टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे बोंब मारावी इतकं नाही. पण जिथे अशी घरं सर्वात दाट आहेत त्या वस्त्यांमध्ये वाढ 7 टक्के होती आणि घरांच्या विक्रीच्या किमतीत 17 टक्के.

तेव्हा दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, 68 टक्के भाडेवाढीचं सगळं खापर पर्यटकांवर फोडता येत नाही. दोन, शहराची सरासरी पाहून काही कळत नाही. सरासरी पाणी गुडघाभर असलेल्या नदीतही माणूस बुडतो. एखाद्या जुन्या गल्लीत तीन इमारतींमागे एक इमारत रात्रीच्या बाजारात गेली असेल, तर तिथे राहणाऱ्याला शहराच्या एका टक्क्याचं काय? शिवाय एकूण घरांशी तुलना करणंच थोडं फसवं आहे. बहुतेक घरांत माणसं राहताहेत, ती बाजारात नाहीतच. या महिन्यात भाड्याने द्यायला निघालेल्या घरांशी तुलना करा, मग दहा हजार हा आकडा केवढा ते दिसेल.

भाडं सोडलं तर वस्तीत आणखी काय बदलतं?

बार्सेलोनेता घ्या. बंदरालगतची ही कोळ्यांची आणि गोदी कामगारांची जुनी वस्ती. इथल्या घरांना स्थानिक भाषेत 'पाव घर' म्हणतात, कारण मूळ घराचे चार तुकडे करून चार कुटुंबं बसवली गेली. एकेक तुकडा जेमतेम 30 ते 35 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबात सव्वातीनशे ते पावणेचारशे चौरस फूट. गिरणगावातली खोली आठवा. अशा घरांच्या भिंती पातळ, जिने अरुंद, आणि समुद्र दारात. पर्यटकाला आणखी काय हवं? 2014 च्या ऑगस्टमध्ये काही तरुण पर्यटक भर दिवसा नागडे या वस्तीत फिरले, त्यांचे फोटो छापून आले आणि रहिवासी रात्रीमागून रात्री रस्त्यावर उतरले. निमित्त नागड्या पोरांचं होतं, राग बऱ्याच वर्षांचा साठलेला.

शेजारच्या घरात दर तीन दिवसांनी नवी माणसं येतात, रात्री दोन वाजता जिन्यावरून बॅगांची चाकं खडखडत येतात. वाटीभर साखर कुणाकडे मागायची, आजारी म्हातारीकडे लक्ष द्यायला कुणाला सांगायचं? मग दुकानं बदलतात. चपला शिवणारा, लोखंडी सामानवाला, दूधवाला जातो, त्यांच्या जागी फ्रिजवर लावायचे चुंबक आणि आइस्क्रीम येतं. बोकेरिया मंडईत आता मासळी घेणाऱ्यांपेक्षा कापलेल्या फळांच्या पेल्यांचे फोटो काढणारे जास्त दिसतात. 2015 मध्ये तिथे गर्दीच्या वेळी मोठ्या गटांना बंदी घालावी लागली.

पार्क ग्वेल या प्रसिद्ध बागेजवळून जाणारी 116 नंबरची छोटी बस हे माझं आवडतं उदाहरण आहे. पर्यटकांनी ती इतकी भरायला लागली की वस्तीतल्या म्हाताऱ्यांना चढता येईना. शेवटी महापालिकेच्या विनंतीवरून 2024 मध्ये तो मार्ग गूगल मॅप्सवरून काढून टाकण्यात आला. बस अजूनही धावते, फक्त पर्यटकाच्या फोनला ती दिसत नाही.

स्वतःच्या मालकीच्या घरात कुणाला ठेवायचं ते सरकारने का सांगावं?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा बहुधा स्वतःचा एखादा दुसरा फ्लॅट असतो, असा माझा अनुभव. असो.

पॅरिसमधले घरमालक नेमका हाच मुद्दा घेऊन युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. 22 सप्टेंबर 2020 ला निकाल लागला: दीर्घ मुदतीच्या भाड्याच्या घरांची टंचाई दूर करणं हा सार्वजनिक हिताचा सबळ हेतू आहे, त्यासाठी शहर परवानगीची अट घालू शकतं. पुढच्या नियमांना या निकालाने मोठा आधार मिळाला.

शिवाय घर मालकाचं असलं तरी जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी सगळ्यांची असते. स्पेनमध्ये 3 एप्रिल 2025 पासून इमारतीत नवं पर्यटक-घर सुरू करायचं तर मालकांच्या सभेत पाचपैकी तीन हिश्श्यांची संमती लागते. आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत असा ठराव आला तर काय होईल याचं चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं, नाही का? बुडापेस्टच्या सहाव्या जिल्ह्याने तर 2024 च्या सप्टेंबरमध्ये थेट रहिवाशांचं मत घेतलं. निम्म्याहून थोड्या जास्त मतांनी बंदीचा कौल मिळाला, 1 जानेवारी 2026 पासून लागू.

इतर शहरांनी काय नियम केले?

अ‍ॅमस्टरडॅमने राहतं घर पर्यटकांना देण्यावर वर्षाला 30 रात्रींची मर्यादा घातली. पॅरिसने 120 रात्रींवरून 2025 पासून 90 वर आणली. व्हिएन्नात जुलै 2024 पासून 90 दिवस. फ्लॉरेन्सने जुन्या शहरात नवी पर्यटक-घरं बंद केली आणि भिंतींवरच्या चावीच्या डब्यांवरही बंदी आणली. पाल्माने 2018 मध्येच इमारतींमधल्या फ्लॅटना मनाई केली.

रात्रींची मर्यादा घालायची तर रात्री मोजाव्या लागतात, आणि मोजणीचं पुस्तक प्लॅटफॉर्मच्या हातात असतं. म्हणून युरोपीय संघाने 2024 मध्ये माहिती देण्याचा नियम केला. प्रत्येक घराला नोंदणी क्रमांक असावा आणि प्लॅटफॉर्मने रात्रींची माहिती सरकारला द्यावी, अशी त्याची व्यवस्था आहे. लागू होण्याची तारीख 20 मे 2026. माझ्या मते सगळ्या बंदी-घोषणांपेक्षा हा कंटाळवाणा कागद जास्त कामाचा आहे.

व्हेनिसने तिकीट लावलं, त्याने घरांचा प्रश्न सुटला का?

नाही, आणि सुटणारही नव्हता. 25 एप्रिल 2024 पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी दिवसभरासाठी येणाऱ्याला 5 युरो द्यावे लागतात. 2025 मध्ये असे 54 दिवस होते आणि उशिरा नोंदणी करणाऱ्याला 10 युरो. आता गंमत पाहा. शहरात रात्री मुक्काम करणाऱ्याला या तिकिटातून सूट आहे, तो पर्यटन कर भरतो म्हणून. म्हणजे डबा घेऊन सकाळी येणारा आणि संध्याकाळी परतणारा, ज्याने कुणाचं घर अडवलेलं नाही, तो पैसे देतो. ज्याच्यासाठी एखादं घर कायमचं पर्यटकांकडे गेलं, तो तिकीट न काढता फिरतो.

व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 मध्ये सुमारे पावणेदोन लाख माणसं राहत. 2022 च्या ऑगस्टमध्ये हा आकडा 50,000 च्या खाली गेला. रियाल्टो पुलाजवळच्या एका औषधांच्या दुकानाच्या खिडकीत 2008 पासून रहिवाशांची संख्या दाखवणारा फलक आहे. आधी लोक थांबून बघत, आता बहुतेकांना तो सजावटीचा भाग वाटतो. 2023 मध्ये तिथे पर्यटकांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्याचं नागरिकांच्या गटांनी दाखवून दिलं. अर्थात सगळे पर्यटनामुळेच गेले नाहीत. पूर, ओल, महाग दुरुस्ती, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेमधली स्वस्त आणि गाडी लावता येणारी घरं, हेही होतंच.

मोठ्या क्रूझ जहाजांचं काय?

क्रूझचा प्रवासी जहाजावर झोपतो. गर्दी, धूर, खारकच्छाची हानी या तक्रारी खऱ्या आहेत, 2021 मध्ये इटलीच्या सरकारने मोठी जहाजं व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून हटवली ते योग्यच. पण घरभाड्याशी त्यांचा संबंध थोडाच.

लिस्बनमध्येही असंच झालं का?

तिथे पर्यटकाच्या जोडीला सरकारही होतं. कर्जसंकटाच्या काळात, 2012 मध्ये, पोर्तुगालने दोन गोष्टी केल्या. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण सैल केलं, आणि पाच लाख युरोंची मालमत्ता घेणाऱ्या परदेशी माणसाला राहण्याचा परवाना देणारा 'गोल्डन व्हिसा' आणला. आल्फामासारख्या टेकडीवरच्या गल्ल्यांत पन्नास पन्नास वर्षं राहिलेल्या म्हाताऱ्या भाडेकरूंना नोटिसा गेल्या, इमारती रंगवल्या गेल्या, पर्यटक-घरं झाल्या. संकटातून बाहेर यायला पैसा हवा होता हे खरं, पडक्या इमारती दुरुस्त झाल्या हेही खरं. फक्त दुरुस्त घरात राहायला जुनी माणसं उरली नाहीत. मालमत्तेच्या बदल्यात व्हिसा देण्याचा मार्ग 2023 मध्ये बंद झाला.

व्हिएन्नातही पर्यटक कमी नाहीत. तिथे अशी ओरड का ऐकू येत नाही?

कारण तिथे निम्म्या लोकांची घरं बाजारात नाहीतच. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्ना महापालिकेने स्वतः घरं बांधायला घेतली आणि ती विकली नाहीत. कार्ल-मार्क्स-होफ ही किलोमीटरभर लांबीची इमारत त्याच काळातली. आज महापालिकेकडे सुमारे 2,20,000 घरं आहेत, सहकारी आणि अनुदानित संस्थांची वेगळी. जवळपास निम्मं शहर अशा घरांत राहतं. महापालिकेचं घर पर्यटकाला देता येत नाही.

स्पेननेही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत सरकारी मदतीने भरपूर घरं बांधली, पण ती विकण्यासाठी. काही वर्षांनी किमतीवरचं सरकारी बंधन संपलं की घर खुल्या बाजारात. त्यामुळे आज तिथे सार्वजनिक मालकीची भाड्याची घरं दोन-तीन टक्क्यांच्या घरातच आहेत. बार्सिलोनाच्या रोगाचं मूळ मला इथे दिसतं. पर्यटनाने त्याला ताप आणला.

मग 2028 मध्ये दहा हजार परवाने संपले की भाडी उतरतील?

उतरतील असं मला वाटत नाही. वाढायची थांबली तरी मोठी गोष्ट. सगळी घरं स्थानिक माणसाला मिळतील असंही नाही. काही विकली जातील, काही मालक स्वतः वापरतील, काही मधल्या बाजारात जातील. तो मधला बाजार पुढच्या प्रश्नात.

आमची मुलगी बार्सिलोनाला शिकायला चालली आहे. तिला 11 महिन्यांचा करार देताहेत. आपल्याकडेही 11 महिन्यांचाच असतो ना?

आकडा तोच, कारणही जवळपास तेच: कायद्याच्या कुंपणाबाहेर राहणं. मार्च 2024 पासून कातालोनियात राहत्या घरांच्या भाड्यावर कमाल मर्यादा आली. मर्यादेमुळे भाडी थोडी आटोक्यात आली, पण अनेक मालकांनी घरं 'हंगामी' करारावर द्यायला सुरुवात केली, म्हणजे शिक्षण किंवा कामासाठी तात्पुरतं राहणाऱ्याला. असा करार एक महिन्याहून मोठा, म्हणून पर्यटनाचा परवाना नको. वर्षापेक्षा छोटा, म्हणून पाच वर्षांचं संरक्षणही नको. ही पळवाट बुजवण्यासाठी कातालान संसदेने डिसेंबर 2025 मध्ये कायदा मंजूर केला.

तुमच्या मुलीच्या बाबतीत 'शिक्षणासाठी' हे कारण खरंच आहे, तेव्हा करार खोटा नाही. पण तीन गोष्टी आधी विचारा. अनामत किती? राहत्या घराला कायद्याने एक महिन्याची, हंगामीला त्या कायद्याआधी दोन महिन्यांची असे. एजंटचे पैसे कोण देणार? राहत्या घराच्या करारात ते मालकाने द्यायचे असतात, हंगामीत त्या कायद्याआधी भाडेकरूच्या गळ्यात पडत. आणि त्या पत्त्यावर महापालिकेत नाव नोंदवता येईल का? बरेच मालक नाही म्हणतात आणि पुढे पोरांचे कागदपत्र अडतात. घर प्रत्यक्ष किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.

म्हणजे आम्ही युरोपला जायचंच नाही का?

जा की. तुम्ही एकट्याने सहल रद्द केल्याने कुणाचं भाडं कमी होणार नाही, आणि तिथल्या बहुतेक मोर्चेकऱ्यांचंही तसं म्हणणं नाही. ग्रुप टूरने गेलात तर हॉटेलातच उतराल. प्रश्न येतो तो चार-सहा जणांचं कुटुंब स्वतःच्या बळावर जातं तेव्हा. स्वयंपाकघर हवं असतं, पोहे-खिचडीची सोय हवी असते आणि फ्लॅट स्वस्त पडतो. बार्सिलोनात स्वयंपाकघर असलेली अपार्ट-हॉटेलं आहेत, त्यांची इमारत मुळातच पाहुण्यांसाठी असते. आधी ती बघा.

फ्लॅटच घ्यायचा असेल तर जाहिरातीत एचयूटीबी (HUTB) या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक शोधा. तो महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकून तपासता येतो. बार्सिलोनात घरातली नुसती एक खोली 31 दिवसांपेक्षा कमी काळासाठी पर्यटकाला देणं 2021 पासून बंद आहे, तेव्हा 'मालकाच्या घरी राहा' अशी दोन रात्रींची जाहिरात दिसली तर पुढे जा. क्रमांक नाही, मालक म्हणतो "शेजाऱ्यांनी विचारलं तर मित्राकडे आलोय म्हणून सांगा", तर ते घर घेऊ नका. आणि परवाना असलेल्या घरात रात्री उशिरा पोचलात, तर जिना चढताना बॅग उचलून घ्या.